लीजच्या जमिनीवर पाइनची तोड: हरणाची शिकार वर्षागणिक कशी बदलते आणि आपण काय करायचं

अमेरिकेच्या जॉर्जिया, अलाबामा, साउथ कॅरोलायना या पट्ट्यात हरणाच्या शिकारीसाठी जी जमीन भाड्याने मिळते, ती बरीचशी पाइनची रोपवनं असतात. मालक एक तर मोठी लाकूड कंपनी (वेअरहाउझर, रेयोनियर ही त्यातली ठळक नावं), नाहीतर काही शे एकरांचं वडिलोपार्जित रान सांभाळणारं कुटुंब. धंदा दोघांचाही लाकडाचाच. लॉबलॉली पाइन लावायचा, पंधराएक वर्षांनी विरळणी करायची (म्हणजे मधली काही झाडं काढायची), पंचवीस ते पस्तीस वर्षांनी सगळा कापून पुन्हा लावायचा. आपलं भाडं म्हणजे त्यांच्या प्रॉपर्टी टॅक्सला हातभार. त्यामुळे तोड येणार हे धरूनच चालायचं. विचारायचं ते एवढंच, की कधी, कुठे आणि किती एकर.

तोड झाली की क्लबातले, म्हणजे मिळून भाडं भरणाऱ्या शिकाऱ्यांच्या गटातले, निम्मे सभासद ‘गेलं लीज’ म्हणून मोकळे होतात. मला ते पटत नाही. माझ्या मते लीज बिघडतं ते तोडीने नाही, तोड लांबल्याने. हरीण उंच जंगलातलं जनावर नव्हेच. त्याला कमरेएवढी झुडपं, कोवळे कोंब आणि लपायला दाटी लागते, आणि पाइनच्या रानात या तिन्ही गोष्टी करवत फिरल्यावरच येतात. फक्त त्या एकाच वेळी, एकाच जागी येत नाहीत. खालचं सगळं त्या वेळापत्रकाबद्दल आहे.

आधी कागदपत्रं, थोडक्यात

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीची दारं बंद होत गेली, त्यामुळे आपल्यातल्या बहुतेकांची सुरुवात इथेच होते. एच-वन-बीवर असाल तर एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला बंदूक आणि काडतुसं बाळगायला केंद्रीय कायद्याने मनाई आहे. कुठल्याही राज्याचं वैध हंटिंग लायसन्स जवळ असणं हा त्याला अपवाद. म्हणजे लायसन्स आधी, बंदूक नंतर, आणि लायसन्सची मुदत मध्येच संपू द्यायची नाही. शंका आलीच तर वकिलाला विचारा, क्लबातल्या जाणकाराला नको. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. जॉर्जियात १ जानेवारी १९६१ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना लायसन्ससाठी हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो.

पायरी १: सही करण्याआधी प्रत्येक तुकड्याचं वय काढा

मालकाकडे किंवा त्याच्या फॉरेस्टरकडे (रानाचं काम बघणाऱ्या जाणकाराकडे) तुकडेवार नकाशा असतो. प्रत्येक तुकड्यासाठी चार गोष्टी मागा: लागवडीचं वर्ष, विरळणीचं वर्ष, शेवटचं जाळण किंवा फवारणी, आणि पुढच्या पाच वर्षांतला बेत. नकाशा द्यायला का-कू केली तर गूगल अर्थवर जुन्या वर्षांची चित्रं मागे सरकवत जा. कुठल्या साली जमीन उघडी पडली ते तिथे दिसतं. झाडाच्या फांद्यांचे मजले मोजून वय काढायचा खटाटोप लॉबलॉलीच्या बाबतीत नको, कारण तो एका वर्षात एकाहून जास्त मजले काढतो.

वय कळलं की तुकड्याचा स्वभाव कळतो. तोडीनंतरची पहिली तीन-चार वर्षं चाऱ्याची. चौथ्यापासून आठव्यापर्यंत दाटी: हरणं तिथे दिवसभर बसतात, पण आपल्याला दिसत नाहीत. आठव्या-दहाव्या वर्षाच्या सुमारास पाइनचे शेंडे एकमेकांना भिडतात आणि खाली ऊन पोचेनासं होतं. जमिनीवर पाइनच्या सुयांचा तपकिरी थर, बाकी काही नाही. हरीण तिथून जातं, तिथे राहत नाही. पहिल्या विरळणीपर्यंत, म्हणजे तेराव्या ते अठराव्या वर्षापर्यंत, हाच प्रकार. विरळणी झाली की ऊन परत येतं.

आता नकाशावर रंग भरा. चारशे एकरांत चारही वयं विखुरलेली असतील तर भाडं एकरी दोन डॉलर जास्त पडलं तरी घ्या. जॉर्जियातली मादी साधारण चौरस मैलभर रानात, म्हणजे ६४० एकरांच्या आसपास, किंवा त्याहूनही कमी जागेत आयुष्य काढते. तिला खाणं आणि लपण शेजारी-शेजारी मिळालं तर ती तुमच्या हद्दीत राहते. सगळं रान एकाच वयाचं, त्यात दहा-बारा वर्षांचं असेल, तर ती शेजाऱ्याच्या शेतात जेवते आणि तुमच्याकडे फक्त वाट म्हणून येते.

इथे बाजाराचाही संबंध येतो, तो बहुतेक शिकारी विसरतात. पहिल्या विरळणीतलं बारीक लाकूड कागदाच्या गिरण्यांना जातं. इंटरनॅशनल पेपरने सव्हाना आणि राइसबोरोच्या गिरण्या २०२५ मध्ये बंद केल्या. गिऱ्हाईक गेलं की त्या भागातला मालक विरळणी पुढे ढकलणार, आणि पुढे ढकलणं म्हणजे तो अंधारा तुकडा आणखी काही वर्षं अंधाराच राहणार. तेव्हा किनारपट्टीच्या बाजूला लीज बघत असाल तर ‘बारीक लाकूड सध्या कुठे जातं?’ हा प्रश्न फॉरेस्टरला जरूर विचारा. उत्तर देताना त्याने नकारार्थी मान हलवली तर समजून घ्या. सप्टेंबर २०२४ च्या हेलीन वादळात जिथे झाडं आडवी झाली, त्या पूर्व जॉर्जियाच्या पट्ट्यात उलटा प्रकार झाला: पडलेलं लाकूड उचलण्यासाठी वेळेआधीच तोड, आणि आता तिथे झुडपांचं राज्य.

पायरी २: करारातली तोडीची कलमं

जवळजवळ प्रत्येक करारात लिहिलेलं असतं की लाकडाचं काम शिकारीच्या वर. भाडं परत मिळणार नाही, हेही बहुधा असतंच. त्यावर वाद घालून मालकाला वीट आणू नका. ‘शंभर एकर तोडलेत, पाव भाडं सोडा’ ही मागणी कंपनीच्या मॅनेजरच्या हातात नसते, आणि कुटुंबवाल्या मालकाला ती लागते. त्याऐवजी ज्याला त्याचा एक पैसाही खर्च होत नाही ते मागा:

- तोड सुरू होण्याआधी फोन किंवा ईमेल, निदान दोन आठवडे. नेमकी तारीख तोही सांगू शकत नाही. ठेकेदाराला बहुधा वर्ष-दीड वर्षाची मुदत असते आणि तो पाऊस व गिरणीचा कोटा बघून येतो. पण यंत्रं हलायच्या आधी कळवणं शक्य असतं.
- ओंडके भरण्याच्या डेकची जागा काम संपल्यावर फूड प्लॉटसाठी (हरणांसाठी चारा पेरायला) वापरायची परवानगी.
- काम संपल्यावर आतल्या रस्त्यांवर गवताचं किंवा क्लोव्हरचं (शेंगवर्गीय चाऱ्याचं) बी टाकायची मुभा, बियाण्याचा खर्च क्लबाचा.
- गेटाचं कुलूप कोणाचं, साखळीत कोणाची कडी, हे लेखी.

विमा बहुतेक मालक मागतातच. दहा लाख डॉलरची लायबिलिटी पॉलिसी ही नेहमीची अट, त्यात मालकाचं नावही घालावं लागतं. झाडाला खिळा किंवा स्क्रू ठोकायचा नाही ही अट सगळ्यांत कडक पाळा. गिरणीच्या पात्याला खिळा लागला तर नुकसान मोठं, आणि तो खिळा कोणाच्या मचाणाचा हे शोधून काढणं अवघड नसतं.

पायरी ३: झाडांवर रंग आणि फिती दिसल्या की

तोडीची खूण म्हणजे रंगाचे पट्टे आणि प्लॅस्टिकच्या रंगीत फिती. कुठला रंग कशासाठी, हे प्रत्येक फॉरेस्टर आपलं आपलं ठरवतो. अंदाज बांधू नका, विचारा. बहुधा एक रंग विक्रीच्या हद्दीचा आणि दुसरा ओढ्याकाठच्या राखीव पट्ट्याचा असतो. हा पट्टा, तोडणीवाले ज्याला एसएमझेड म्हणतात, आपल्या सगळ्या पुढच्या बेतांचा कणा आहे. जॉर्जियाच्या वनखात्याच्या मार्गदर्शिकेत बारमाही ओढ्याच्या प्रत्येक काठाला उतारानुसार ४०, ७० किंवा १०० फूट रुंद पट्टा राखायला सांगितलंय; अलाबामात किमान ३५ फूट. तिथे ओक, हिकरी वगैरे पानझडी झाडं राहतात, आणि आजूबाजूचं सगळं उघडं पडलं की हरणाची ये-जा त्यातूनच होते.

एखादा जुना व्हाइट ओक किंवा पर्सिमन वाचवायचा असेल (पर्सिमन म्हणजे आपल्या टेंभुर्णीच्या गोतातलं झाड, ऑक्टोबरात त्याखाली हरणं ठरलेली) तर ती विनंती लाकूड विकलं जाण्याच्या आधी करा. विक्रीचा करार झाला की उभी झाडं खरेदीदाराची. मग मालकाचीही इच्छा चालत नाही. दहा-बारा झाडांची जीपीएस यादी करून, फोटोंसकट, फॉरेस्टरला पाठवा. शंभर झाडांची यादी पाठवली तर तो ती उघडणारसुद्धा नाही.

मचाणं, कॅमेरे, फीडर त्याच आठवड्यात काढून घ्या. फेलर-बंचरचा (झाडं कापणाऱ्या यंत्राचा) चालक तुमची शिडी सोडवून बाजूला ठेवायला थांबत नाही, आणि थांबावं अशी अपेक्षाही नको.

पायरी ४: यंत्रं चालू असताना

हरणं आवाजाने परागंदा होतात हा समज खोटा. ती चार-सहाशे यार्ड सरकतात आणि रात्री परत येतात. कारण साधं: पानझडी झाडं आडवी पडली की आजवर तीस-चाळीस फुटांवर असलेला पाला आणि ओकची फळं एकदम तोंडापाशी येतात. उत्तरेकडच्या राज्यांत कडक हिवाळ्यात हरणं करवतीच्या आवाजाकडे चाल करून येतात असं तिथले लाकूडतोडे सांगतात; दक्षिणेत एवढं नाही, पण सकाळी स्किडरने (ओंडके ओढणाऱ्या यंत्राने) पाडलेल्या चाकोऱ्यांमध्ये पाहा, चिखलात खुरांचे ताजे ठसे टायरच्या नक्षीवरून गेलेले असतात.

बहुतेक तोडणीवाले शनिवार-रविवारी काम ठेवत नाहीत. पावसात गेलेले दिवस भरून काढायचे असतील तर शनिवारी येतात. ठेकेदाराच्या माणसांशी ओळख ठेवा. केबिनमध्ये उंच बसलेल्या चालकाला दिवसभरात जेवढी हरणं दिसतात तेवढी क्लबातल्या कोणालाच दिसत नाहीत, आणि कोणता नर कुठून निघाला हे तो हौसेने सांगतो. मात्र काम चालू असलेल्या तुकड्यात पाऊल टाकायचं नाही, आणि ट्रकच्या रस्त्यावर गाडी लावायची नाही.

पायरी ५: तोडीनंतरचा पहिला हंगाम

इथे सर्वांत मोठा मोह म्हणजे मोकळ्या मैदानाच्या मधोमध बॉक्स स्टँड (खोक्यासारखं बंदिस्त मचाण) उभारून तीनशे यार्ड नजर टाकत बसणं. पहिले आठ-दहा दिवस मजा येते. मग तीच हरणं उजेडात बाहेर पडायची थांबतात, कारण उघड्यावर त्यांनाही लांबचं दिसतं.

मचाण मैदानात नको, एसएमझेड जिथे वळतो किंवा अरुंद होतो तिथे लावा. चालून बघाल तर लक्षात येईल की वाट अगदी कडेला नसते, आत दहा-वीस यार्डांवर झाडांच्या आडोशाने कडेला समांतर जाते. नर वाऱ्याच्या उतरत्या बाजूने या पट्ट्याच्या कडेकडेने फिरतो. म्हणजे नाकाने सगळं मैदान हुंगता येतं आणि अंग उघडं पडत नाही. तेव्हा वारा मैदानावरून येऊन तुमच्या अंगावरून पुढे पट्ट्यात जात असेल तर त्या दिवशी त्या मचाणावर चढूच नका. जॉर्जियाच्या बऱ्याच भागात माजाचा काळ नोव्हेंबरात येतो, अलाबामाच्या बऱ्याच भागात जानेवारीत; त्या आठवड्यांत या कोपऱ्यांसारखी दुसरी जागा नाही.

मैदानात गोळी फार लांब जाते. आधी झाडं होती ती अडवायला, आता नाहीत. म्हणून प्रत्येक मचाणाची माऱ्याची दिशा नकाशावर आखून ती सगळ्या सभासदांना पाठवा, आणि गोळी खाली जमिनीत जाईल एवढ्या उंचीवरूनच मारा. बंदुकीच्या हंगामात जॉर्जियात कमरेच्या वर ५०० चौरस इंच चमकदार नारिंगी कापड सक्तीचं आहे. मैदान उघडं झाल्यावर त्याची किंमत कळते.

पायरी ६: फवारणी आणि लागवड, घाबरायचं किती

तोडीनंतरच्या उन्हाळ्याच्या शेवटाला मालक बहुधा तणनाशक फवारतो आणि डिसेंबर ते फेब्रुवारीत रोपं लावतो. सहा बाय बाराच्या अंतराने एकरी ६०५ रोपं. फवारणीनंतर सगळं करपलेलं पाहून सभासद हवालदिल होतात. पण नेहमी वापरलं जाणारं इमॅझापायर ब्लॅकबेरीला आणि शेंगवर्गीय झाडोऱ्याला फारसं मारत नाही. दुसऱ्या वर्षी हेच दोन्ही जोमाने उठतात, आणि हरणाला नको असलेल्या स्वीटगम या पानझडी झाडाचा फुटवा मागे पडतो. काही वेळा फवारणी आपल्याच पथ्यावर पडते.

या वयाच्या तुकड्यात एटीव्ही न्यायची नाही. रोपं गुडघ्याएवढीसुद्धा नसतात, गवतात दिसत नाहीत, आणि चाकाखाली गेलेली रांग मालकाला पुढची वीस वर्षं दिसत राहते. लीज जाण्याचं हे अगदी साधं कारण.

दुसऱ्या ते चौथ्या वर्षात एक सवय लावून घ्या: बंदूक घरी ठेवून, फेब्रुवारीत, तुकड्याच्या कडेने वाकून चाला आणि कोंबांची टोकं पाहा. हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. खालचे दात आणि वरची टणक हिरडी यांत धरून ते कोंब ओढतं, म्हणून टोक फाटकं, तंतू लोंबणारं राहतं. सशाचा चावा तिरका आणि स्वच्छ असतो. आता काय खाल्लंय ते बघा. ग्रीनब्रायर (आपली घोटवेल याच कुळातली), ब्लॅकबेरी आणि ब्यूटीबेरी (आपल्याकडच्या ऐसराची नातलग) यांचीच टोकं खुडलेली असतील आणि तीही थोडी, तर चारा मुबलक आहे. घोटवेल बुंध्यापर्यंत ओरबाडलेली आणि स्वीटगमलाही तोंड लावलेलं असेल तर रानाला झेपतील त्याहून हरणं जास्त आहेत, आणि पुढच्या हंगामात माद्या जास्त माराव्या लागतील. जॉर्जियात हंगामाची मर्यादा बारा हरणांची: दहा बिनशिंगी, दोन शिंगांची. मारलेलं हरीण चोवीस तासांच्या आत गेम चेक या राज्याच्या नोंदणी व्यवस्थेत नोंदवायचं.

पायरी ७: डेकवरचा फूड प्लॉट

ओंडक्यांचा डेक म्हणजे अर्धा-एक एकर सपाट, उघडी, रस्त्याला लागून असलेली जागा. पण माती यंत्रांनी चेचून घट्ट केलेली असते; नुसतं बी फेकलंत तर पहिल्या पावसात वाहून जातं. क्रम असा: साल आणि फांद्यांचा ढीग बाजूला लोटून घ्या, सबसॉइलरने (खोल नांगराने) आडवं-उभं फाडा, मातीचा नमुना काउंटीच्या एक्स्टेन्शन ऑफिसात (कृषी सल्ला केंद्रात) द्या. पाइनखालची माती आम्लधर्मी असते, पीएच पाचच्या आसपास. क्लोव्हरला सहाच्या वर लागतो. अहवालात जेवढा चुना सांगितलाय तेवढा टाका, बहुधा एकरी एक-दोन टन, आणि तो पेरणीच्या काही महिने आधी. पहिल्या वर्षी खतापेक्षा चुन्यावर पैसे घाला. सप्टेंबरच्या शेवटी ते ऑक्टोबरात गहू, ओट आणि क्रिमझन क्लोव्हर मिसळून पेरा. डेक रस्त्यावरून दिसत असेल तर मध्ये ज्वारीसारख्या उंच पिकाची आडोशाची रांग लावा, नाहीतर रात्री गाडीतून दिवे मारणाऱ्या चोरट्या शिकाऱ्यांची सोय होते.

पायरी ८: विरळणी, आणि नंतर आग

पाचव्या ते आठव्या वर्षात दाट तुकड्यात घुसू नका. तो हरणांचा शयनगृहाचा भाग. एकदा आत जाऊन त्यांना उठवलंत की आठवडाभर कडेला बसून काही दिसत नाही. जाण्या-येण्याच्या वाटांवर, वारा बघून, बाहेरच बसा.

विरळणीत बहुधा दर पाचवी रांग पूर्ण काढतात आणि मधल्या रांगांतली वाकडी, रोगट झाडं निवडून काढतात. मोकळ्या झालेल्या रांगा म्हणजे आयत्या नजरेच्या गल्ल्या. पण नुसत्या विरळणीने तीन-चार वर्षांत खाली स्वीटगमचं रान माजतं. त्यावर उपाय जाळण: दर दोन-तीन वर्षांनी, हिवाळ्याच्या शेवटी, बारीक आग. ती लावायची मालकाने, वनखात्याच्या परवानगीने आणि प्रशिक्षित माणसाकडून. क्लबाने काडीला हात लावायचा नाही. क्लबाने करायचं ते खर्चात वाटा उचलणं आणि आग अडवणाऱ्या पट्ट्या साफ करून देणं. सगळं एकदम न जाळता अर्धा-अर्धा तुकडा आळीपाळीने जाळायला सांगा, म्हणजे मे-जूनमध्ये माद्यांना पाडसं लपवायला जुनी दाटी शिल्लक राहते आणि शेजारीच ताजा चारा असतो.

पायरी ९: नूतनीकरणाच्या वेळी

हंगाम संपला, पाला फुटायचा आहे, अशा वेळी नकाशा पुन्हा उघडा आणि प्रत्येक तुकड्याच्या वयात एक मिळवा. निम्म्याहून जास्त क्षेत्र सात ते चौदा वर्षांच्या टप्प्यात जातंय आणि फॉरेस्टरच्या बेतात विरळणी नाही, तर हरणांची चांगली वर्षं मागे गेली. पैसे भरण्याआधी दुसरं लीज शोधा. उलट, गेल्या वर्षी शंभर एकर तोडलेत म्हणून शेजारचा क्लब कंटाळून जमीन सोडत असेल, तर मालकाला आजच फोन करा. ती जमीन पुढची तीन वर्षं चाऱ्याची आहे आणि भाड्यात घासाघीस करायला सध्या तुमच्याशिवाय दुसरं गिऱ्हाईक नाही.